धावणाऱ्यात अजून किती उरलंय? डेरिक हेन्री प्रकल्पाच्या नोंदी

८ जानेवारी २०२४, नॅशव्हिल

काल टेनेसी टायटन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा या मोसमातला शेवटचा सामना निस्सान स्टेडियममध्ये बसून पाहिला. जॅक्सनव्हिल जॅग्वार्सना २८-२० हरवलं. टायटन्स प्लेऑफच्या शर्यतीतून केव्हाच बाहेर पडले होते, तरी स्टेडियम थांबून होतं ते डेरिक हेन्रीसाठी, म्हणजे संघाच्या रनिंग बॅकसाठी, चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूसाठी. त्याचा करार संपतोय आणि तो पुन्हा इथे दिसणार नाही, हे सगळ्यांना कळलेलं होतं. १९ कॅरीत (धावण्याच्या प्रयत्नांत) १५३ यार्ड, एक टचडाउन (चेंडू गोलरेषेपार). सामना संपल्यावर त्याने मैदानात माइक घेऊन लोकांचे आभार मानले. आमच्या रांगेतून तोवर कुणी उठलं नाही.

परतताना गाडीत ऑफिसमधल्या सहकाऱ्याला विचारलं, आज ज्याने १५३ यार्ड काढले त्याला संघ सोडतोय कशाला? त्याचं उत्तर एका वाक्याचं होतं: चार तारखेला तीस पूर्ण झाली. त्याच्या दृष्टीने विषय तिथेच संपला.

माझा संपला नाही. मी विमा कंपनीत आकडेवारीचं काम करते. आमच्याकडे वय हा दरपत्रकातला एक रकाना असतो, निकाल नसतो. तीस हा खरंच कडा असेल तर तो आकड्यांत दिसायला हवा. दिसत नसेल तर लोक दुसऱ्याच कशाला तरी वय म्हणताहेत.

प्रकल्प असा: उताराला लागलेल्या नामांकित रनिंग बॅकमध्ये संघासाठी किती मोल उरतं, ते कशावरून ओळखायचं, याचा तक्ता करायचा आणि त्यावर मराठीत एक मोठा लेख लिहायचा. ही वही त्या कामाची.

१४ जानेवारी

हेन्रीची मोसमवार नोंद पूर्ण. लेखासाठी आधी खेळाची बाराखडी: अमेरिकन फुटबॉलमध्ये दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो किंवा रनिंग बॅकच्या हातात देतो. हातात घेऊन धावण्याच्या अशा प्रत्येक प्रयत्नाला कॅरी म्हणायचं. दर कॅरीला चार यार्डांच्या पुढे असलेला माणूस संघाला पुढे नेतो. साडेतीनच्या खाली गेला की तो प्रयत्न खातो.

हेन्री २०१६ साली नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) दुसऱ्या फेरीत, ४५ व्या क्रमांकावर टायटन्सकडे आला. पहिली दोन वर्षं मिळून कॅरी फक्त २८६. २०१८ मध्ये १,०५९ यार्ड, त्यात जॅग्वार्सविरुद्धची ती ९९ यार्डांची धाव. मग:

२०१९: ३०३ कॅरी, १,५४० यार्ड, सरासरी ५.१
२०२०: ३७८ कॅरी, २,०२७ यार्ड, ५.४
२०२१: २१९ कॅरी, ९३७ यार्ड, ४.३ (आठ सामन्यांनंतर पायाचं हाड मोडलं)
२०२२: ३४९ कॅरी, १,५३८ यार्ड, ४.४
२०२३: २८० कॅरी, १,१६७ यार्ड, ४.२

एकूण २,०३० कॅरी, ९,५०२ यार्ड. नुसता हा उतार पाहिला तर सहकाऱ्याचं म्हणणं पटतं. पण २०२० चा करार (चार वर्षं, ५ कोटी डॉलर, त्यातले २ कोटी ५५ लाख हमीचे) झाला तेव्हा तो २६ वर्षांचा होता, आणि त्या करारातलं सर्वांत चांगलं वर्ष पहिलं ठरलं. पुढची तीन वर्षं संघाने आठवणीसाठी पैसे मोजले की कामासाठी? २०२२ चे १,५३८ यार्ड आठवणीने येत नाहीत. प्रश्न उघडा ठेवते.

२८ जानेवारी

आजचा पूर्ण दिवस टायटन्सचा जुना रनिंग बॅक एडी जॉर्ज याच्यावर गेला. नॅशव्हिलमध्ये हेन्रीविषयी बोलताना प्रत्येक जण कधी ना कधी त्याच्यावर येतोच. ह्यूस्टन ऑइलर्स १९९७ मध्ये टेनेसीत आले आणि पुढे टायटन्स झाले. जॉर्ज त्या स्थलांतरातून आलेला. टायटन्सकडे त्याने ओळीने १२८ सामने सुरुवातीपासून खेळले, एकही चुकवला नाही. २०१९ मध्ये त्याचा २७ क्रमांक संघाने कायमचा निवृत्त केला.

आता आकडे. २००० साली ४०३ कॅरी, १,५०९ यार्ड. वय २७. पुढच्या वर्षी ३१५ कॅरी आणि ९३९ यार्ड, म्हणजे दर कॅरीला जेमतेम तीन. २००२ मध्ये ३.४. २००३ मध्ये ३.३. २००४ च्या उन्हाळ्यात संघाने त्याला सोडलं, डॅलसकडे एक मोसम खेळला, ४३२ यार्ड काढले आणि थांबला.

हे वाचताना मला वाईट वाटलं. २००१ ते २००३ या तीन वर्षांत तो जखमी होऊन बाहेर बसला असता तर संघाने त्याच्याजागी दुसरा माणूस उभा केला असता, त्याच्या शरीरालाही उसंत मिळाली असती. तो रोज हजर राहिला म्हणून त्याची घसरण हजेरीपटाखाली झाकली गेली. आम्ही टिकाऊपणाचं कौतुक करतो, पण तक्त्यात टिकाऊपणा आणि उपयोग हे वेगळे रकाने हवेत. आजपासून वेगळे केले.

आणखी एक गोष्ट सापडली, ती काल मैदानावर कुणी बोललं असतं तर मी वेगळ्या डोळ्यांनी पाहिलं असतं. या संघाच्या इतिहासात सर्वाधिक यार्ड जॉर्जचे: १०,००९. हेन्री ९,५०२ वर थांबतोय. ५०७ यार्ड कमी. अर्ध्या मोसमाचं काम. संघाला तो विक्रम हवा असता तर एवढ्यासाठीही ठेवता आलं असतं. ठेवत नाहीत याचा अर्थ ते खरोखर हिशोबाने चाललेत.

दुरुस्ती, त्याच रात्री: वर ‘काल मैदानावर’ लिहिलंय, ते ७ तारखेचं. सामना अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

१० फेब्रुवारी

वयाचा पहिला आलेख तयार. तिशी ओलांडूनही खेळलेले नामांकित रनिंग बॅक घेतले. जॉन रिगिन्स: ३३ व्या वर्षी जानेवारी १९८३ च्या सुपर बोलमध्ये (लीगच्या अंतिम सामन्यात) ३८ कॅरी, १६६ यार्ड, सामन्याचा मानकरी, पुढच्या मोसमात ३४ व्या वर्षी २४ टचडाउन. कर्टिस मार्टिन: २००४ मध्ये ३१ व्या वर्षी १,६९७ यार्ड, लीगमध्ये पहिला. टिकी बार्बर: ३० आणि ३१ व्या वर्षी १,८६० आणि १,६६२. एड्रियन पीटरसन: ३० व्या वर्षी १,४८५, लीगमध्ये पहिला; ३३ व्या वर्षी वॉशिंग्टनकडून १,०४२. फ्रँक गोर: सोळा मोसम, बरोबर १६,००० यार्ड.

आलेख पाहून मी खूश झाले. तिशीनंतर कडा नाही, लांबलचक सौम्य उतार आहे. टायटन्स चुकताहेत, असं वाक्यही लिहून ठेवलं होतं.

१३ फेब्रुवारी

आलेख पुण्याच्या आतेभावाला पाठवला होता. तोही विम्यातलाच, मृत्यूदराच्या तक्त्यांवर काम करतो. फुटबॉलचं त्याला काही माहीत नाही. सकाळी फोन आला.

“ताई, यात जे गेले ते कुठे आहेत?”

“कोण गेले?”

“तिशीच्या आत संपलेले. तू फक्त जिवंत पॉलिसीवाले मोजलेस. ऐंशीच्या वरचे म्हातारे किती ठणठणीत असतात, हे ऐंशीच्या वरच्यांनाच विचारून काढलंस.”

तो म्हणतो ते शंभर टक्के खरं आहे. हीच चूक कामावर दुसऱ्या कुणी केली असती तर मी अहवाल परत पाठवला असता. ३३ व्या वर्षी पीटरसनला कुणी मैदानावर उतरवलं याचं कारणच तो पीटरसन होता. सामान्य रनिंग बॅकला ३३ वं वर्ष मिळतच नाही.

आज यादीत नावं घातली. टेरेल डेव्हिस: १९९८ मध्ये ३९२ कॅरी, २,००८ यार्ड, मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू, वय २६. पुढच्या तीन मोसमांत मिळून १७ सामने, आणि संपलं. जमाल अँडरसन: १९९८ मध्ये ४१० कॅरी, पुढच्या मोसमात दुसऱ्याच सामन्यात गुडघा गेला. टॉड गर्ली: २०१८ च्या उन्हाळ्यात चार वर्षांची ६ कोटी डॉलरांची करारवाढ, त्यातले साडेचार कोटी हमीचे, मार्च २०२० मध्ये सोडला, २६ व्या वर्षी शेवटचा मोसम खेळला. अर्ल कॅम्पबेल, आमच्याच ऑइलर्सचा: १९८० मध्ये १,९३४ यार्ड, १९८५ नंतर निवृत्त.

आता प्रश्न दोन भागांत मोडला. एक, पुढच्या मोसमात तो उभा राहील का. दोन, राहिला तर किती देईल. आयुर्विम्यात असाच विचार करतात आणि मला महिनाभर सुचला नाही. ‘टायटन्स चुकताहेत’ हे वाक्य खोडलं.

२५ फेब्रुवारी

या प्रकल्पातला आजवरचा सर्वांत कसदार दिवस. सविस्तर लिहिते, लेखाचा कणा यातूनच निघेल.

सुरुवात शॉन अलेक्झांडरपासून. सिअ‍ॅटल सीहॉक्स, २००५: ३७० कॅरी, १,८८० यार्ड, २८ टचडाउन, मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू. मार्च २००६ मध्ये आठ वर्षांचा ६ कोटी २० लाखांचा करार. त्यानंतर २००६ मध्ये दर कॅरीला ३.६, २००७ मध्ये ३.५, एप्रिल २००८ मध्ये घरी. ‘रनिंग बॅकवर पैसे टाकू नका’ म्हणणारे सगळे हे उदाहरण देतात. २९ वर्षांचा झाला, संपला.

पण त्याच मार्च महिन्यात सिअ‍ॅटलमध्ये आणखी एक गोष्ट घडली. स्टीव्ह हचिन्सन हा त्यांचा डावा गार्ड, म्हणजे अलेक्झांडरच्या पुढे उभा राहून वाट मोकळी करणारा माणूस. मिनेसोटा व्हायकिंग्जने त्याला सात वर्षांचा ४ कोटी ९० लाखांचा प्रस्ताव दिला आणि त्यात एक कलम घातलं: संघातल्या लाइनमनमध्ये (पुढच्या फळीत वाट काढणाऱ्या खेळाडूंमध्ये) याचा पगार सर्वांत जास्त नसेल तर सगळी रक्कम हमीची होईल. सिअ‍ॅटलकडे वॉल्टर जोन्स आधीच त्याहून जास्त घेत होता. प्रस्तावाशी बरोबरी करणं त्यांना परवडेना. हचिन्सन गेला.

पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, मिनेसोटात एक नवखा पोरगा हचिन्सनच्या मागून धावू लागला. २३८ कॅरी, १,३४१ यार्ड. एड्रियन पीटरसन.

अलेक्झांडरचा पायही २००६ मध्ये मोडला होता, हे विसरून चालणार नाही. पीटरसन कुठेही धावलाच असता, हेही खरं. त्यामुळे सगळं श्रेय हचिन्सनला देत नाही. पण ‘वय २९’ या रकान्यात जी घसरण मी टाकली होती तिच्यातला काही भाग वयाचा नव्हता. तो पुढे उभ्या असलेल्या माणसाचा होता.

हे तपासायला असा खेळाडू हवा जो पडला आणि संघ बदलून पुन्हा उठला. वय तर परत फिरत नाही. संघ बदलल्यावर आकडे वर आले तर घसरण शरीराची नव्हती. असा एक माणूस नॅशव्हिलमध्येच सापडला. डिमार्को मरे: २०१४ मध्ये डॅलसकडून ३९२ कॅरी, १,८४५ यार्ड. २०१५ मध्ये फिलाडेल्फियाकडे: १९३ कॅरी, ७०२ यार्ड, ३.६. सगळ्यांनी त्याला मोडीत काढलं. २०१६ मध्ये टायटन्सकडे: २९३ कॅरी, १,२८७ यार्ड, ४.४. आणि त्या वर्षी त्याच्यामागे बाकावर बसून शिकत होता तो २२ वर्षांचा डेरिक हेन्री.

दुसरा पुरावा लाडेनियन टॉमलिन्सनचा. सॅन दिएगो चार्जर्सकडे दर कॅरीला २००६ मध्ये ५.२, मग ४.७, ३.८, आणि २००९ मध्ये ३० व्या वर्षी ३.३. सरळ जिना. चार्जर्सने सोडलं. न्यू यॉर्क जेट्सकडे ३१ व्या वर्षी ४.२, ९१४ यार्ड, आणि संघ कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत, म्हणजे सुपर बोलच्या एक पायरी अलीकडे. पुढच्या वर्षी मात्र ७५ कॅरीत २८० यार्ड आणि निवृत्ती. म्हणजे नव्या लाइनमागे एक वर्ष मिळालं. तारुण्य मिळालं नाही. ३.३ च्या त्या मोसमातही त्याने १२ टचडाउन केले होते, हे वेगळं नोंदवते. गोलरेषेजवळ दोन यार्ड कसे काढायचे हे ज्ञान पायांच्या आधी म्हातारं होत नाही.

नवा रकाना जोडला: ‘पुढे कोण’.

२ मार्च

३७० कॅरींच्या शापाविषयी दोन ओळी, कारण वाचक विचारणारच. एका मोसमात ३७० किंवा जास्त कॅरी झाल्या की पुढचं वर्ष वाईट जातं, असं मानतात. हेन्रीच्या २०२० च्या ३७८ नंतर २०२१ मध्ये हाड मोडलं, म्हणून तो दाखला. पण ३७० कॅरी मिळायला वर्षभर धडधाकट राहावं लागतं, संघ जिंकत असावा लागतो आणि सगळं मनासारखं पडावं लागतं. असं वर्ष लागोपाठ दोनदा येणं मुळातच विरळा. पुढचं वर्ष खाली येणार ते थकव्याशिवायही. इतकंच लिहीन.

१३ मार्च

काल हेन्री बॉल्टिमोर रेव्हन्सकडे गेल्याची बातमी आली. दोन वर्षं, १ कोटी ६० लाख डॉलर, हमीचे ९० लाख. त्याच्या आदल्याच दिवशी टायटन्सने २६ वर्षांच्या टोनी पोलार्डला तीन वर्षांसाठी घेतलं.

या वर्षी प्रत्येक संघाची पगारमर्यादा २५ कोटी ५४ लाख आहे. वर्षाला ८० लाख म्हणजे त्यातले तीन टक्क्यांच्या आसपास. दोन हजार यार्ड धावलेल्या माणसाची किंमत एवढीच कशी, हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागेल, कारण तिथे अन्याय दडलेला आहे. नवा खेळाडू आला की पहिली चार वर्षं त्याचा पगार ठरलेल्या चौकटीत असतो, मोसमात कितीही यार्ड काढले तरी. पहिल्या फेरीतल्याला संघ पाचवं वर्षही लावू शकतो. त्यावर फ्रँचाइज टॅग लावून आणखी एक वर्ष अडवता येतं. क्वार्टरबॅकला हे सोसतं, कारण तो ३८ व्या वर्षीही फेकतो. रनिंग बॅक मोकळ्या बाजारात पोचतो तेव्हा २६-२७ चा असतो आणि समोरचा म्हणतो, आता तुझ्यात काय उरलंय? ज्या वर्षांत त्याने दिलं त्या वर्षांत त्याला मिळालं नाही. मिळायच्या वर्षांत तो म्हातारा ठरतो. जुलै २०२३ मध्ये हेन्रीसह बरेच रनिंग बॅक व्हिडिओ कॉलवर याच दुखण्यासाठी एकत्र आले होते. त्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं. शरीराची इतकी झीज दुसऱ्या कुठल्या जागी होत नाही.

३० ऑगस्ट

मोसमाआधीचा अंदाज आज बंद करते, नंतर बदलायचा नाही.

बाजूने: बॉल्टिमोर गेल्या वर्षी धावण्यात लीगमध्ये पहिलं होतं. लमार जॅक्सन क्वार्टरबॅक आहे. विरुद्ध: त्यांच्या लाइनमधले पाचपैकी तिघे, झाइटलर, सिम्पसन आणि मोझेस, या उन्हाळ्यात गेले. ‘पुढे कोण’ हा रकाना मीच मोठा केला होता, तर तो इथे पाळायला हवा. शिवाय हेन्री तीस वर्षांचा, २,०३० कॅरी पायांवर, सरासरी २०२० च्या ५.४ वरून ४.२ वर.

अंदाज: २४० कॅरी, दर कॅरीला ४.१, म्हणजे ९८४ यार्ड.

६ सप्टेंबर

कॅन्सस सिटीविरुद्ध हार, २७-२०. हेन्री १३ कॅरीत ४६. शेवटची ड्राइव्ह (चढाई) जॅक्सनच्या हातात. चेंडू झेलणाऱ्या लाइकलीच्या पायाचा अंगठा मैदानाच्या रेषेवर पडला आणि टचडाउन गेलं. मागे पडलेला संघ चेंडू फेकत राहतो आणि हेन्री बाजूला उभा राहतो. नोंदवून ठेवते.

१६ सप्टेंबर

लास वेगास रेडर्सविरुद्ध २६-२३ अशी दुसरी हार. १८ कॅरी, ८४ यार्ड. अंदाजाच्या वाटेवर.

३० सप्टेंबर

डॅलसमध्ये १५१. काल बफेलोविरुद्ध १९९, आणि त्यातले ८७ संघाच्या पहिल्याच चालीवर. चार सामन्यांत ४८० यार्ड.

रात्री ती ८७ यार्डांची धाव वीसेक वेळा पाहिली, मग बाकीच्या कॅरी. हेन्रीकडे पाहायचं नाही असं ठरवून पाहिलं. नजर बचावाच्या कडेच्या माणसावर ठेवली. जॅक्सन चेंडू देतो की स्वतः घेऊन निघतो हे त्या माणसाला शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही. जॅक्सन निसटला तर वीस यार्ड जातात, म्हणून तो जागीच खिळतो. त्या अर्ध्या क्षणात हेन्री त्याच्या शेजारून गेलेला असतो. त्या माणसाला कुणी अडवलेलं नसतं. तो केवळ धास्तीने थांबलेला असतो.

माझा ‘पुढे कोण’ हा रकाना अपुरा होता. मी पाच लाइनमन मोजले आणि क्वार्टरबॅकला गाळलं. टेनेसीत बचाव करणारे सरळ हेन्रीवर गर्दी करायचे, कारण भ्यायचं ते त्यालाच. इथे भीती दोघांत वाटली गेली. सुमारे ११२ किलोच्या माणसाला वेग पकडायला लागणारी दोन-तीन पावलं टेनेसीतली शेवटची वर्षं मिळतच नव्हती. मी त्याला पायांची झीज म्हणत होते.

आतेभावाला सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे ताई, माणूस तोच, पण जोखीम घराप्रमाणे बदलली.”

४ नोव्हेंबर

डेन्व्हरविरुद्ध ४१-१०; हेन्री १०६. नऊ सामन्यांत १,०५२. माझा पूर्ण वर्षाचा अंदाज अर्ध्या वाटेत मागे पडला. टायटन्स इकडे सामन्यामागून सामने हरताहेत. सहकारी जेवणाच्या सुट्टीत या विषयावर बोलत नाही, मीही काढत नाही.

५ जानेवारी २०२५

काल हेन्रीचा ३१ वा वाढदिवस आणि साखळीतला शेवटचा सामना. क्लीव्हलँडविरुद्ध १३८ यार्ड, दोन टचडाउन, ३५-१० विजय. मोसम बंद: ३२५ कॅरी, १,९२१ यार्ड, १६ टचडाउन, दर कॅरीला ५.९. विशीतल्या कुठल्याही वर्षापेक्षा ही सरासरी जास्त आहे.

माझी चूक ९३७ यार्डांची. (त्याच्या २०२१ च्या मोडक्या मोसमाचे यार्डही नेमके ९३७.) ती फोडून पाहिली. ८५ कॅरी जास्त मिळाल्या, त्या माझ्याच ४.१ च्या दराने धरल्या तर ३४९ यार्ड. उरलेले ५८८ दराचे. कॅरी वाढल्या कारण संघ १२ सामने जिंकला आणि पुढे असलेला संघ घड्याळ खायला, म्हणजे वेळ संपवायला, धावतो. दर वाढला त्यात जॅक्सन आहे, आणि माझ्या अपेक्षेपेक्षा चांगली निघालेली नवी लाइन आहे. पण शेवटी हेन्री आहे. तीच वाट दुसऱ्याला दिली असती तर ८७ यार्ड झाले नसते, बारा झाले असते. ते वेगळं काढायचं कसं हे मला अजून जमलेलं नाही.

टायटन्स ३ विजय, १४ पराभव. पोलार्डने १,०७९ यार्ड काढले, म्हणजे हेन्रीच्या टेनेसीतल्या शेवटच्या वर्षाच्या जवळपास. इथे थांबून विचार केला. हेन्री राहिला असता तर? संघ मागे पडत राहिला असता, तो बाजूला उभा राहिला असता, बचाव त्याच्यावरच गोळा झाला असता. ५०७ यार्ड नक्की झाले असते. एडी जॉर्जचा विक्रम मोडला असता, एक टाळ्यांची रविवारची दुपार मिळाली असती. आणि तो तिथेच संपला असं आम्ही सगळ्यांनी म्हटलं असतं.

म्हणून टायटन्सचा निर्णय चुकला असं मी लिहिणार नाही. बॉल्टिमोरचा बरोबर होता एवढं लिहीन. ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध नाहीत, आणि लेखात हेच नीट मांडायचंय: ‘त्याच्यात किती उरलंय’ हा प्रश्नच अर्धा आहे, कुठे आणि कुणाबरोबर हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

२० जानेवारी

११ तारखेला पिट्सबर्गविरुद्ध २६ कॅरीत १८६. काल बफेलोत १६ कॅरीत ८४ आणि हार, २७-२५. पूर्वार्धातच २१-१० असे मागे पडले, म्हणून कॅरी कमी. शेवटी बरोबरी साधायचा दोन गुणांचा पास मार्क अँड्र्यूजच्या हातून निसटला. ६ सप्टेंबरची नोंद पुन्हा वाचली. संघ मागे पडला की हा माणूस महाग ठरतो. बॉल्टिमोरलाही.

१५ मे

हेन्रीला नवी करारवाढ: दोन वर्षं, ३ कोटी डॉलर, हमीचे अडीच कोटी. ३१ वर्षांचा. गेल्या वर्षीच्या हमीच्या पावणेतीनपट. आता २,३५५ कॅरी झाल्या. माझा जुना तक्ता याला नको म्हणतो, नवा हो म्हणतो, पण जॅक्सन उभा असेपर्यंतच. करार करणाऱ्यांनी ते कलम मनात धरलं असणार. कागदावर ते लिहिता येत नाही.

लेखाचा मसुदा आतेभावाकडे गेला. त्याने एकच शेरा पाठवला: ‘उभा राहील का’ हा भाग तू विसरत चाललीस, एका चांगल्या वर्षाने तो खोटा ठरत नाही. बरोबर आहे. टेरेल डेव्हिसचा परिच्छेद पुन्हा वर आणला.

८ सप्टेंबर २०२५

काल रात्री बफेलोत नव्या मोसमाचा पहिला सामना. हेन्री: १८ कॅरी, १६९ यार्ड, दोन टचडाउन. सामन्याच्या चौथ्या, शेवटच्या पाव भागात बॉल्टिमोर ४०-२५ पुढे. हाच तो क्षण, ज्यासाठी त्याला ठेवलंय: पुढे असलेल्या संघाने चेंडू त्याच्या हातात द्यायचा आणि घड्याळ खायचं. शेवटची तीनेक मिनिटं उरली असताना त्याच्याच हातून चेंडू सुटला. बफेलो ४१-४० जिंकलं.

दर कॅरीला नऊच्या वर यार्ड. त्या १८ पैकी एका कॅरीचं वजन बाकीच्या सतरांपेक्षा जास्त निघालं, आणि माझ्या तक्त्यात दोन्हींना एकेकच ओळ आहे. आज रकाना जोडला: कॅरी कधीची, आणि तेव्हा संघ किती पुढे होता. २०१६ पासूनच्या सगळ्या कॅरी पुन्हा भरायच्या. हेन्रीपासून सुरुवात केली, २०१९ पर्यंत आले. जॉर्ज आणि टॉमलिन्सन पुढच्या रविवारी.